अधिक दोनशे चाळीस

आमच्या दुकानाबाहेरचा बोर्ड मीच लिहिते. मालक क्रिसांतोंना आम्ही मानाने 'दोन' म्हणतो, जसं मोठ्या बायकांना 'दोन्या'; हा दोन आकडा नव्हे. त्यांचा हात थरथरतो, त्यांच्या तीनाचा आठ होतो, आणि पैजेच्या धंद्यात तीनाचा आठ झाला की संध्याकाळी भांडण ठरलेलं. म्हणून ते आत खुर्चीत बसून मोबाईलवरचे भाव मोठ्याने वाचतात आणि मी बाहेर भिंतीवर मार्करने उतरवते. माझी तान्ही नोएमी तेव्हा काउंटरमागे प्लास्टिकच्या टबात असते. टब खरा कपड्यांचा, पण ती बसायला शिकल्यापासून तिचाच झालाय.

त्या रविवारी दोन क्रिसांतो वाचता वाचता थांबले.

"पुढचं सांगा की," मी म्हटलं.

"पुढचं आपलंच आहे. राजधानीवाले उणे तीनशे. आपला संघ अधिक दोनशे चाळीस. पिचर..." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाईल नाकाजवळ नेला. "आपल्याकडून आज योर्बिस."

"कुठला योर्बिस?"

"कुठला म्हणजे? आपला. एम्पनादावाल्या नेरेइदाचा."

मी मार्कर हातात धरून तशीच उभी राहिले. डावखुरा योर्बिस आमच्या गल्लीत कडब्याच्या पेंढीवर चेंडू मारत मोठा झाला. अख्खा मोसम तो बाकावर बसून होता. मुख्य पिचरचा खांदा गेला, आणि आता डिसेंबरात, उपांत्य फेरीत जागा मिळवायच्या ऐन धुमश्चक्रीत, याला पहिल्या डावापासून चेंडू टाकायला उभं करणार होते. मी त्याचं नाव जरा ठळक लिहिलं. त्यापुढे आकडा लिहिला.

बेसबॉलमध्ये भाव संघाचा असतो, पण तो हलतो पिचरवरून. म्हणून आम्ही संघापुढे पिचरचं नाव लिहितो, तिकिटावरही तेच छापून येतं. बघणाऱ्याला वाटतं की तो आकडा त्या पोराचाच. खरं सांगायचं तर बराचसा असतोही.

तेवढ्यात दोन्या नेरेइदा डोक्यावर टोपली घेऊन आल्या. मोरी माशाचं सारण भरलेल्या, तळलेल्या एम्पनादा विकून त्या बंदरावरून परत येत होत्या. दुकानात त्या कधी शिरत नाहीत; पैजेच्या पैशाने त्यांचा नवरा कसा गेला हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण बोर्डावर पोराचं नाव दिसलं आणि त्या थबकल्या. टोपली उतरवली. ओठ हलवत वाचलं.

"दायेर्लिन, हे माझ्या योर्बिसचं?"

"हो, दोन्या. आज तोच सुरुवात करणार."

"ते मला ठाऊक आहे गं, रात्री फोन आला होता त्याचा. हे पुढचं काय? अधिक दोनशे चाळीस?" त्यांचा चेहरा उजळत गेला. "आणि त्या राजधानीच्या पोराला उणे तीनशे? अरेरे! काय केलं त्याने बिचाऱ्याने?"

दारात बेन्तुरा उभा होता. तो रोज नरावर लावतो आणि रोज त्याबद्दल बोलतो. आमच्याकडे जिंकेल असा संघ तो नर आणि हरेल असा तो मादी. उण्याचा आकडा नराचा, अधिकचा मादीचा. बेन्तुराने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते मिटलं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दोन्यांनी एप्रनला हात पुसून टोपलीतली उरलेली एक एम्पनादा माझ्या हातात ठेवली, दुसरी बेन्तुराच्या, आणि म्हणाल्या, "घे. आज पैसे नकोत. दोनशे चाळीस मिळालेत पोराला!" आणि गल्लीभर तेच सांगत गेल्या. सलूनच्या दारात, किराणावाल्याकडे, टायरवाल्याकडे. "अधिक दोनशे चाळीस! दुसऱ्याला तर उणे!" त्यांचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.

"तू सांगायला हवं होतंस," बेन्तुरा एम्पनादा चावत म्हणाला.

"तू खायला नको होतीस," मी म्हटलं.

टबात नोएमीने स्वतःचा पाय पकडला होता. मागच्या आठवड्यात दवाखान्यात नर्सने मला बाळांच्या वजनाचा एक कागद दाखवला. कागदावर वर चढत जाणारी रेघ होती आणि रेघेच्या खाली एक ठिपका. "ही तुमची," नर्स म्हणाली. माझी मुलगी त्या ठिपक्यासारखी दिसत नव्हती. ती मांडीवर बसून नर्सचं पेन ओढत होती. तरी घरी येईपर्यंत मला ठिपकाच दिसत राहिला.

तासाभरात दोन्या नेरेइदा परत आल्या. टोपली नव्हती. मागे मायग्वालिदा होती, सलूनवाली. योर्बिसची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. दोघींच्या हाताला लाल तेल लागलेलं होतं. नाताळच्या आयाका दोन्यांच्या अंगणात चालू होत्या: केळीची पानं पुसायची, मक्याचं पीठ थापायचं, सारण भरायचं, दोऱ्याने बांधायचं. निम्म्या गल्लीतल्या बायका सकाळपासून तिथेच.

"टायरवाला हसला मला," दोन्या म्हणाल्या. "म्हणाला, दोन्या, तुमचा पोरगा आज मादी आहे. याचा अर्थ तू सांग. खरं सांग."

"मादी!" मायग्वालिदा मागून कडाडली. "त्याच्या नराला म्हणावं, एकदा बाळंत होऊन दाखव!"

मी पायरीबाहेर स्टूल पुढे केलं. दोन्या बसल्या नाहीत.

"दोन्या, हे गुण नाहीत," मी म्हटलं. "ही पैशाची गोष्ट आहे. अधिक दोनशे चाळीस म्हणजे, शंभर लावले तर वर दोनशे चाळीस मिळतील. तुमचा एक डॉलर धरा. योर्बिसचा संघ जिंकला तर तुमचा डॉलर परत, आणि वर दोन डॉलर चाळीस."

"आणि त्या दुसऱ्याचं?"

"उणे तीनशे म्हणजे उलट. तिथे शंभर मिळवायला तीनशे लावावे लागतात. तीन डॉलर ठेवा, जिंकलात तर तीन परत आणि वर एक."

"तीन ठेवून एकच?" मायग्वालिदा म्हणाली. "कोण गाढव ठेवतं?"

"मी," दारातून बेन्तुरा म्हणाला.

दोन्या बोर्डाकडे बघत होत्या. त्यांना हिशोब चटकन कळतो. पहाटे अंधारात पीठ, तेल, मासळी यांचा मेळ घालणारी बाई आहे ती. "म्हणजे त्याच्यावर कमी मिळतं, कारण तो जिंकणार असं सगळ्यांना वाटतं. आणि माझ्या पोरावर जास्त मिळतं, कारण..."

त्यांचं बोट पोराच्या नावाखाली येऊन थांबलं. 

"दोन्या, अगदीच तसं नाही," मी म्हटलं. "या आकड्यात असंही आहे की असे दहा सामने झाले तर त्यातले तीन आपले. ते हे स्वतःच कबूल करतात. आजचा त्या तिनातला नाही कशावरून?"

"दहा एम्पनादा नेल्या आणि तीन विकल्या, तर मी घरी येऊन रडते, पोरी." त्यांनी कपाळावरचा घाम मनगटाने पुसला, तेलाचा लाल पट्टा उमटला. "कोणी घातला हा आकडा? क्रिसांतो?"

आत दोन क्रिसांतो खुर्चीत आक्रसले. "मी कोण घालणारा, नेरेइदा? मोबाईलवर येतो तो मी घेतो. मग आपल्या गल्लीत कोणीकडे जास्त पैसे येतात ते बघून थोडा इकडे, थोडा तिकडे. एकाच बाजूला पैसे आले तर मी बुडेन ना."

"म्हणजे पैसा आला की आकडा हलतो?"

"हलवावाच लागतो."

"मग मी हलवते," दोन्या म्हणाल्या.

त्यांनी गल्लीच्या तोंडाकडे हात केला.

"एक वाजता पोरगा जेवायला येतोय. या भिंतीवरूनच येणार, दुसरा रस्ता नाही. पहिल्यांदा उभा राहणार आहे तो, आणि स्वतःच्या गल्लीत, स्वतःच्या भिंतीवर हे वाचून जाणार?"

"त्याच्याही मोबाईलवर असेलच की, दोन्या," मी हळूच म्हटलं. "मी वाटल्यास पुसून टाकते."

"मोबाईल साऱ्या जगाचा आहे. भिंत आमची आहे. आणि पुसायचं नाही. पुसलं तर त्याला कळेल की लपवलं. खाली आणायचा."

त्यांनी छातीशी ठेवलेली डॉलरची घडी काढली. मी बघितलं, त्यांचा हात पायरीच्या आत यायला तयार नव्हता. नवऱ्याच्या वेळेपासूनची शपथ होती ती. शेवटी मायग्वालिदाने ती नोट त्यांच्या बोटांतून ओढून घेतली, आपली एक त्यावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली. "एक हिची, एक माझी. पोराच्या नावावर. आणि दायेर्लिन, ऐनवेळी याला बसवलं आणि दुसराच उभा केला तर?"

"तर पैसे परत. तिकिटावर पिचरचं नाव आहे ना."

"बघ, तेवढा तरी मान आहे पोराला," मायग्वालिदा कोमाद्रेला म्हणाली.

मग त्या अंगणात परत गेल्या आणि तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण थोड्याच वेळात बायका यायला लागल्या. एप्रन बांधलेल्या, केस फडक्यात गुंडाळलेल्या, मनगटापर्यंत तेलाने लाल झालेल्या. पानं पुसणारी आली, दोरा बांधणारी आली, मनुका निवडणारी आली. प्रत्येकीकडे एक नोट. कोणी पैज कधी लावलेली नाही, म्हणून मला दर वेळी तेच सांगावं लागे, आणि प्रत्येकीला ते सगळ्यांसमोर पुन्हा विचारायचं असे. काउंटरवरच्या नोटांना कांद्याचा आणि ओनोतोच्या बियांच्या लाल तेलाचा वास येत होता.

आधी दोन क्रिसांतोंना गंमत वाटली. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि गंमत संपली. "दायेर्लिन, हा पोरगा चुकून जिंकला तर मला दुकान विकावं लागेल. दोनशे वीस कर."

मी बाहेर गेले, पुसलं, लिहिलं. अंगणाच्या फाटकातून दोन्या बघत होत्या. मी दोन बोटं वर केली आणि मग वीस दाखवायला पंजे उघडमीट केले. त्यांनी आत वळून काहीतरी म्हटलं आणि बायकांची आरोळी आली.

दोनशे वीसचे एकशे नव्वद झाले. एकशे नव्वदचे एकशे साठ.

युसमारी सगळ्यात शेवटी आली. तिकीट बघून तिचं नाक फुगलं. "मायग्वालिदाला दोन डॉलर चाळीस आणि मला एक साठ? डॉलर तोच. पोरगा तोच. मी काय कमी चोळलं पीठ?"

"ती आधी आली, युसमारी. ज्या भावाला तिकीट घेतलं तोच भाव शेवटपर्यंत. नंतर आकडा उतरला."

"कोणी उतरवला?"

"तुम्हीच सगळ्यांनी."

"म्हणजे माझ्याच मैत्रिणींनी माझं नुकसान केलं!"

"पण योर्बिसचं नाव बघ की," मी म्हटलं. ती बाहेर गेली, बोर्ड वाचला, आणि तिकीट घडी करून छातीशी ठेवलं. "बरं दिसतंय," म्हणाली.

आणि नेमका तेव्हाच बेन्तुरा बोर्डासमोर येऊन उभा राहिला. त्याने शीळ घातली.

कारण मादीचा आकडा उतरतो तेव्हा नराचाही उतरावा लागतो, नाहीतर नरावर कोणी लावत नाही आणि दुकानाचा तराजू एकाच बाजूला कलतो. योर्बिस एकशे साठ झाला होता आणि राजधानीवाले उणे तीनशेचे उणे एकशे नव्वदवर आले होते. सकाळी तीन डॉलर ठेवून एक मिळत होता. आता दोनसुद्धा ठेवावे लागत नव्हते.

"राजधानीवाले एकशे नव्वदला!" बेन्तुराने रस्त्याकडे तोंड करून हाक दिली. "फुकट वाटतायत! या रे!"

टायरवाला आला. मच्छीमार आले. दोन गल्ल्या पलीकडचे मोटारसायकलवाले आले. त्यांना कोणी फोन केला देव जाणे. ते एक-एक डॉलर आणत नव्हते, दहा-वीस आणत होते. मी तिकिटं फाडत होते आणि माझ्या बोटांना ते करायचं नव्हतं. आतून दोन क्रिसांतोंनी सुस्कारा सोडला, त्यांचा तराजू सरळ होत होता. "एकशे ऐंशी कर योर्बिसचा," ते म्हणाले. आणि मग, "दोनशे."

मी मार्कर घेऊन बाहेर गेले तेव्हा दोन्या नेरेइदा फाटकाशी नव्हत्या, माझ्या शेजारीच होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत मी एकशे साठ पुसले आणि दोनशे लिहिले.

"आणखी किती लागतील?" त्यांनी विचारलं.

"दोन्या, तुम्ही जितका खाली आणाल तितकं ते स्वस्त होणार आणि तितके हे धावणार. यांच्या खिशाला आपण पुरे पडणार नाही."

"रस्त्याच्या दिव्याखाली तोंड वासून बसलेले बेडूक जसे किडा पडला की झेपावतात तसे," मायग्वालिदा बेन्तुराकडे बघत म्हणाली. "लहानपणी याच पोराने तुझ्या छपरावरचा पतंग काढून दिला होता, बेन्तुरा. आठवतं?"

"पोरगा सोन्यासारखा आहे, मायग्वालिदा. मी टाळ्याही त्याच्यासाठीच वाजवणार. पण डॉलर डॉलर आहे."

दोन्यांनी एप्रनच्या खिशातून आणखी एक नोट काढली. आयाकांच्या मनुकांची असावी. या वेळी त्यांनी ती कोणाला दिली नाही. स्वतःच दुकानाची पायरी चढल्या, रांगेत मच्छीमारांच्या मागे उभ्या राहिल्या, आणि नोट दोन्ही हातांनी छातीशी धरली.

योर्बिस त्या गडबडीतच आला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. खांद्यावर पिशवी, डोक्यावर टोपी. त्याने बोर्ड वाचला, मग आत रांगेत उभी असलेली आई पाहिली. तो जन्मात पहिल्यांदा तिला त्या पायरीच्या आत बघत होता.

"आई, तू इथे काय करतेस?"

 मच्छीमार वळून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

"काही नाही रे," दोन्या म्हणाल्या. "दायेर्लिनच्या पोरीला बघायला आले."

नोएमीने आपलं नाव निघाल्यासारखं टबातून हात वर केले. योर्बिस काउंटरमागे आला आणि त्याने तिला उचललं.

"त्या हाताने नको!" दोन्या आणि मायग्वालिदा एकदम ओरडल्या.

त्याने तिला डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं. नोएमीने त्याच्या टोपीचं टोक तोंडात घातलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सकाळी चाळीस होता. दोनशे चाळीस. आता दोनशे कसा?"

 रांगेतल्या नोटांकडे, आईच्या हातांकडे, बाहेर फाटकाशी जमलेल्या एप्रनांकडे बघून त्याला कळलं. तो खाली स्टुलावर बसला.

"किती जणींनी?"

"सगळ्यांनी," मायग्वालिदा अभिमानाने म्हणाली.

"मादी म्हणत होते ना तुला," दोन्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तू येईपर्यंत खाली आणू. आणला होता रे, एकशे साठपर्यंत आणला होता. मग हे आले."

योर्बिसने टोपी काढून नोएमीच्या हातात दिली. आत केस घामाने चिकटले होते. बावीस वर्षांचा पोरगा तो, पण तेव्हा बाराचा वाटला. "आई, तो आकडा मी पहाटेच पाहिला. मला बरं वाटलं. वाटलं, चला, कोणाच्या अपेक्षेचं ओझं नाही. हरलो तर आधीच ठरलेलं होतं. आता युसमारीचा डॉलर, मायग्वालिदाचा डॉलर, मनुकांचा डॉलर... सगळा मोसम बाकावर बसलो तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती."

दोन्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. त्या नोटेची घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"परत करा त्यांचे पैसे," योर्बिस दोन क्रिसांतोंना म्हणाला.

"फाडलेलं तिकीट फिरत नाही, बाळा. सगळ्यांसाठी तोच नियम. एकच गोष्ट आहे, तू सुरुवातच केली नाहीस तर..." आणि म्हातारा स्वतःच्याच बोलण्याला घाबरून थांबला.

योर्बिसने मान वर केली. आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं की त्याने ते ऐकलंय. खांदा दुखतोय म्हटलं की झालं. कोणी तपासत नाही. सगळ्यांचे पैसे परत, तिकिटं रद्द, आणि तो बाकावर. त्याने डावा खांदा हळूच दाबून पाहिला, खरंच दुखतोय का बघावं तसा.

"खबरदार," दोन्या म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. त्या रांगेतून बाहेर आल्या, पोरासमोर उभ्या राहिल्या आणि हातातली नोट त्याच्या नाही, माझ्या समोर ठेवली. "दायेर्लिन, ही घे. आज जो भाव असेल त्याला. पडेल तर पडेल."

"आई..."

"हे तू जिंकावंस म्हणून नाही. मला कळलंय आता ते काय असतं. मी चूक केली, तुझ्या डोक्यावर गल्ली बसवली. पण तू उभा राहा. अधिक असो, उणे असो, पहिला चेंडू तुझ्या हातातून सुटू दे."

मायग्वालिदा पुढे झाली. "आणि माझ्या डॉलरची काळजी तू करू नकोस. रोज सुट्टे नाहीत म्हणून किराणावाला माझ्याकडून तेवढे खातो आणि वर गोळ्या देतो. कधी त्याच्यासाठी रडले का मी? चल, जेव. आयाका गार होतायत."

योर्बिस हसला. अगदी थोडं. नोएमीला माझ्याकडे देताना त्याने तिच्या तोंडातून टोपी सोडवली. टोकावर लाळेचा ओला डाग राहिला. त्याने तो पुसला नाही, तशीच डोक्यावर घातली.

सामना पाचला होता. दुकान बंद करून मी नोएमीला कडेवर घेतलं आणि दोन्यांच्या अंगणात गेले. मोठ्या पातेल्यात आयाका उकळत होत्या, खांबावर रेडिओ टांगला होता. बायका त्याच्याभोवती, पुरुष भिंतीला टेकून. बेन्तुराही होता, सगळ्यांपासून थोडा लांब. दोन्या नेरेइदा सामना ऐकत नव्हत्या. त्या विस्तव सारत होत्या, आणि दर वेळी निवेदकाने पोराचं नाव घेतलं की लाकूड हातातच राहत होतं.

पहिल्या डावात योर्बिसने एक धाव दिली. भिंतीकडून कोणी हुश्श केलं नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात काही नाही. चौथ्यात आमच्यांनी दोन काढल्या आणि युसमारीने मायग्वालिदाला मिठी मारली, भावातला फरक विसरून. सहावा डाव संपला तेव्हा निवेदक म्हणाला की आता डावखुऱ्याला विश्रांती, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. रेडिओतून पावसासारखा आवाज येत राहिला. बेन्तुरानेही वाजवल्या, कबूल केल्याप्रमाणे.

"संपलं?" दोन्यांनी विचारलं.

"त्याचं संपलं, दोन्या. आपण दोन-एकने पुढे आहोत. बाकीचे दुसरे टाकणार."

शेवटच्या डावात त्याच्यानंतर आलेल्या आपल्या पिचरांनी दोन धावा दिल्या. सामना गेला.

 मग दोन्यांनी एप्रनमधून तिकिटं काढली, मला दाखवली. "तो होता तेव्हा पुढे होते ना?"

"हो."

"तरी याचे काही नाही?"

"नाही, दोन्या. तिकीट फक्त शेवटी कोण जिंकलं ते विचारतं. तो किती छान खेळला ते नाही विचारत."

"मूर्खच आहे मग," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही तिकिटं विस्तवात न टाकता परत ठेवली.

थोड्या वेळाने दोन क्रिसांतो फाटकाशी आले. आत यायला लाजत होते. बायकांचे सगळे डॉलर त्यांच्याच खिशात गेले होते. त्यांनी आयाका मागितल्या, घरी दोनच माणसं असून टोपलीभर मागितल्या, आणि मोठी नोट देऊन सुट्टे न घेता गेले. मायग्वालिदा त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "भाव चांगला दिला म्हाताऱ्याने."

योर्बिसचा पुढचा सामना शनिवारी होता, पुन्हा बलाढ्य संघाशी. सकाळी दोन क्रिसांतोंनी भाव वाचला, मी लिहिला. मी मार्करचं झाकण लावत होते तोच कोपऱ्यावर टोपली दिसली. दोन्या आल्या, टोपली उतरवली, ओठ हलवत वाचलं.

"एकशे तीस."

"हो."

"अजून अधिकच आहे."

"अधिकच. पण थोडंच."

"कोणी पैसे लावले?"

"अजून दुकान उघडलंसुद्धा नाही, दोन्या. हा मोबाईलवरून आलाय तसाच लिहिला. कोणी नाही लावले. तुमच्या योर्बिसनेच आणला खाली."

 त्यांचं बोटांवर काहीतरी चाललं होतं. मी नोएमीला टबातून उचललं. आदल्या दिवशी दवाखान्यात मी कागद न बघताच घडी करून पिशवीत टाकला होता. नंतर घरी जाऊन बघितला, ते वेगळं.

"म्हणजे माझा एक डॉलर लावला," दोन्या म्हणाल्या, "तर तो परत, आणि वर फक्त एक तीस?"

"एक तीस."

"मागच्या वेळी दोन चाळीस मिळत होते."

"तेव्हा कोणी त्याला ओळखत नव्हतं."

त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. दोन पावलं गेल्या आणि सलूनच्या दारात थांबल्या, जिथे मायग्वालिदा कोणाच्या तरी केसांना रंग लावत होती. "ऐकलंस का, कोमाद्रे?" आवाज असा की टायरवाल्यालाही ऐकू जावा. "माझ्या पोरावर लावणं आता काही परवडत नाही!"